येसूबाईची मुलगी

मुंबई, भायखळा
१२ नोव्हेंबर १९२९

दादा,

'तीर्थस्वरूप' लिहायला घेतलं होतं, पण तुझ्या वल्ह्याचा वण अजून पाठीवर आहे आणि थंडीत ठणकतो. म्हणून नुसतंच दादा.

मी जिवंत आहे. शिमग्यात ज्याला तू पडवीतून ओढून मारलंस आणि जो मग दाभोळच्या सोंगं नाचवणाऱ्या खेळ्यांबरोबर निघून गेला, तो तुझा धाकटा भाऊ बाळा हे लिहितो आहे असं समजायचं तर समज. मी स्वतःला राही म्हणते. नाव कुणी ठेवलं नाही. दाभोळला मुंबईची बोट लागली तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, "नाव काय गो बाय तुझं?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. त्या म्हातारीकडे पिंजऱ्यात मुंगूस होतं. मुंगूस घेऊन मुंबईला कशाला, तर म्हणे जावयाच्या खोलीत घुशी झाल्यात. मुंगूस बोटीवर सुटलं आणि कप्तानाच्या बुटात शिरलं, काय मजा झाली ती भेटलो की सांगेन. मास्तर म्हणायचे ना, बाळाला बाराखडी म्हणायला सांगा, 'ग'पर्यंत येईल आणि गलबत बघायला पळेल. तसंच आहे अजून.

खेळ्यांत बाप्येच राधा होतात. रंग फासतात, लुगडं नेसतात, आणि खेळ संपला की तोंड धुतात. मला ते धुववेना, एवढाच माझा गुन्हा. खेळात नेसले होते तेव्हा तूच माझ्यावरून नारळ ओवाळला होतास. खेळ संपल्यावर नेसलेली दिसले म्हणून वल्हं घेतलंस. लुगडं तेच होतं.

बाबा गेल्या फाल्गुनात गेले हे मला एका गलबताच्या तांडेलाकडून कळलं. मी तिथंच भाऊच्या धक्क्यावर बसून रडले. तू कळवलं नाहीस, ते असू दे. मागणं एकच आहे. आपल्या नारळाच्या वाडीच्या टोकाला, खाडीकडे, वाकडे माड आहेत तिथं मला खोपटं घालून राहू दे. इथं बाप्यांच्या चाळीत घेत नाहीत, बायका नळावर उभी राहू देत नाहीत. हिजड्यांनी भाकरी दिली, खोटं का बोलू, पण त्यांच्यासारखं दारोदार टाळी वाजवून मला जगायचं नाही. मला माझ्या गावात, आयेच्या हाकेच्या टप्प्यात, येसूबाईची मुलगी म्हणून राहायचं आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

इथं विलायतेहून आलेला एक डॉक्टर आहे. म्हणतो, जर्मनीत असल्या माणसांवर शस्त्रक्रिया करतात, मीही करीन. मी हो म्हटलंय.

आयेला वाचून दाखव.

राही


भाट्ये
२ डिसेंबर १९२९

बाळा,

आशीर्वाद लिहिण्याजोगं तू काही शिल्लक ठेवलं नाहीस, म्हणून कोरी ओळ सोडून लिहितो.

आईला वाचून दाखवलं नाही. तिला विचारलं, बाळाची आठवण येते का? म्हणाली, कोण बाळा? यावरून काय ते समज.

धोतर नेसून येशील तर पंगतीत पान मांडू. लुगडं नेसून आलास तर खाडीवरच्या तरीवरूनच परत जाशील, तरवाल्याला बजावून ठेवलं आहे. जागेचं म्हणशील तर वकिलांना विचारलं. शास्त्रात नपुंसकाला वाटा नाही. पुरुष असशील तर पुरुषासारखा ये आणि माग. नसशील तर वाडीच्या दगडी गडग्यालाही हात लावायचा तुला हक्क नाही.

तुझी वहिनी चिमा म्हणते, मेला असता तर श्राद्धाच्या दिवशी तरी नाव निघालं असतं.

काशीराम


मुंबई
३० जानेवारी १९३०

दादा,

झालं. मी मेले नाही, चिमावहिनीला सांग.

डॉक्टरनं कागदावर लिहिलं 'अंडवृद्धी'. म्हणाला, खरं लिहिलं तर आपण दोघंही तुरुंगात. शेजारच्या खाटेवरचे लोक विचारायचे, केवढी होती हो? मी हात लांब करून दाखवायचे, कलिंगडाएवढी. सगळे हळहळायचे. कोकणातल्या माणसाला या दुखण्याचं कौतुक फार, घरोघर असतं ना. हसताना टाके दुखायचे. ताप इतका चढला की मला वाटलं, मी भाट्याच्या पुळणीच्या वाळूत पुरलेली आहे आणि वरून खेकडे चालताहेत. ताप उतरल्यावर पांघरुणाखाली हात नेला आणि किती तरी वेळ तसाच ठेवला. दुखत होतं, पण माझं दुखत होतं. याआधी जे काही होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी माझ्याकडे ठेवायला दिलेलं होतं. हे तुला कळणार नाही, तरी लिहिते.

आता विलायती गोळ्या घेते. जनावरांच्या कसल्याशा अर्काच्या आहेत, बोकडाच्या गोठ्याचा वास येतो. अंगातून वाफा निघतात. दाढी चिमट्यानं उपटते. छातीत दोन सुपाऱ्या आल्यासारख्या लागतात आणि धक्का लागला की ब्रह्मांड आठवतं. डॉक्टरला म्हटलं, आणखी गोळ्या द्या. तो म्हणाला, "बाई, हे आंब्याचं कलम नाही." पण बाई म्हणाला.

हां, खरी गोष्ट राहिलीच. शेजारी एका वकिलाचा कारकून पडला होता. त्याला तुझी नपुंसकाची गोष्ट सांगितली. तो खो खो हसला. म्हणाला, तुमच्या भावाचा वकील झोपलाय. सरकारनं अठ्ठावीस सालीच तो कायदा मोडलाय. आंधळा, पांगळा, नपुंसक, सगळ्यांना आता वाटा आहे. आणि बाबा गेले ते त्यानंतर. म्हणजे मी कुणी का असेना, बाबांचा मुलगा म्हणून जन्मले तेवढ्यावर अर्धी वाडी माझी.

मी धमकी देत नाही. मला अर्धी वाडी नको. खोपट्यापुरतं दे आणि आयेला भेटू दे.

राही


भाट्ये
१९ फेब्रुवारी १९३०

चि. राही हीस,

काशीरामाचे पोटातून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. एवढं सगळं परक्या मुलखात एकटीनं सोसलंस. मी वकिलांकडे जाऊन आलो, त्यांच्याशी पुष्कळ बोललो, आणि परत येताना तरीत बसून विचार केला की आपण कुणाशी भांडतो आहोत? पाठच्या बहिणीशी. वल्ह्याचं मनात ठेवू नकोस.

आई सांगते, पोरीला शिमग्याला आण. पालखी आपल्या दारात येईल तेव्हा घरच्या लेकीनं देवीची ओटी भरावी. गावातले चार जण कुरकुरतील, म्हणून भागोजी गुरवाशी बोललो आहे. तो देवीला कौल लावील. तिनं उजवा दिला तर कुणाची बोलायची छाती आहे?

चांगलं लुगडं नेसून ये. केसांत फुलांचा वळेसर माळ. चारचौघांत लाजू नकोस. सगळ्या गावानं डोळे भरून बघितलं पाहिजे.

खोपट्याचं पावसाआधी बघू.

तुझा दादा


संगमेश्वर
२९ मार्च १९३०

दादा, माझ्या दादा,

इथं खेळ्यांतल्या म्हाताऱ्या मृदंगवाल्याच्या घरी उतरले आहे. तू म्हणालास, खोपट्याचं ठरेपर्यंत जवळपास राहा. संगमावर बसले की नुसतं हसू येतं. बायका कपडे धुताना बघतात, म्हणतात, ही वेडी दिसते.

दादा, तो कौल! भागोजीनं देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि ओरडला, "आई, रामजीचं हे लेकरू लुगडं नेसून तुझ्या पायाशी आलंय. लेक म्हणून तुझी ओटी भरू का म्हणतंय. होय म्हणत असशील तर उजवी दे, नाय म्हणत असशील तर डावी." उजवी पडली. पुरती चिकटलीसुद्धा नव्हती आणि पडली. मागून कुणी तरी म्हणालं, वारा लागला असेल. परत लावला. परत उजवी. मग तो दाढीवाला खोत म्हणाला, "देवीला म्हातारपणी दिसत नाय वाटतं." सगळे हसले, पण वाट दिली.

मी ओटीत तांदूळ घातले तेव्हा घाईत अर्धे खाली सांडले. चिमावहिनीनं मला हळदीकुंकू लावलं. बोट लावून लगेच पदराला पुसलं, ते मी बघितलं, पण लावलं. त्या नादात एक पोरगं माझा पदर ओढून पळालं, त्याच्या मागं धावले तर ते करवंदीच्या जाळीत घुसलं आणि मीही घुसले. लुगडं फाटलं. देवीची पालखी पुढे गेली आणि मी जाळीत अडकलेली. माझं सगळं असंच.

तू रत्नागिरीहून फोटोवाला आणलास ते मला फार आवडलं. ओटी भरतानाचा, कुंकू लावतानाचा, आयेच्या पाया पडतानाचा. एवढे फोटो तुझ्या लग्नातही नव्हते. मला एक प्रत पाठव. पंचमंडळींचे अंगठे कशाला घेतलेस ते नाही कळलं, पण तू म्हणालास देवस्थानचं काम, तर असेल.

आये माझ्याशी बोलली नाही. पाया पडले तर पाय मागे घेतले. तुला म्हणाली असेल ना, पोरीला आण म्हणून? मग माझ्याशी का बोलत नाही? लाजली असेल.

वाट बघते. खोपट्याला वासे कुठून आणायचे ते लिही.

तुझी राही


भाट्ये
११ जून १९३०

चि. राही,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटोची प्रत पाठवता येत नाही, फोटो वकिलांकडे आहेत. पंचांच्या अंगठ्यांचा कागदही तिथंच आहे. त्यात सगळ्या गावानं लिहून दिलं आहे की रामजीला काशीराम हा एकच मुलगा, आणि राही ही मुलगी. वडिलांना दुसऱ्या मुलाची हौस होती म्हणून तिला लहानपणी बाळा म्हणून सदरा घालून वाढवलं. देवीनंही कौल दिला आहे. देवीच्या वर कोण?

कायदा बदलला ते बरोबर. नपुंसक मुलाला वाटा आहे. पण मुलगा असता मुलीला वाटा नाही, हा कायदा काही बदललेला नाही. तू आमची लाडकी बहीण आहेस. बहिणीला भाऊबीजेला चोळी मिळते, वाडी नाही.

खोपटं घालू नकोस. आज खोपटं, उद्या कुंपण. परवा मीच वाकडे माड तोडून टाकले.

काशीराम


रत्नागिरी
६ सप्टेंबर १९३१

काशीराम,

दावा लावून वर्ष झालं आणि आपण एकमेकांशी फक्त वकिलांच्या तोंडून बोललो. आज स्वतः लिहिते, कारण एक गोष्ट वकिलाच्या तोंडून यायला नको.

दाव्यात माझं नाव 'बाळा रामजी' आहे. वकीलसाहेब म्हणाले, वाटा हवा तर मुलगा म्हणून माग, धोतर नेसून ये. नेसले. केस कापले. ज्या केसांत तुझ्या सांगण्यावरून वळेसर माळला होता तेच. तू समोरच्या बाकावर बसून म्हणत होतास, "साहेब, ही माझी बहीण, बिचारीला डोक्याचा त्रास आहे, बाप्याचे कपडे घालते." आणि मी बाप्याच्या आवाजात सांगत होते, मी बाप्या आहे. गावचे लोक खिडकीतून बघत होते, खेळे बघावेत तसे. एकानं तर शेंगा आणल्या होत्या. दोन्ही बाजूंनी खोटं चाललं होतं, त्यात तुझं खोटं माझ्या मनातलं होतं आणि माझं खोटं तुझ्या मनातलं. घरी येऊन मी धोतर चुलीत घातलं. दुसऱ्या तारखेला नवीन घ्यावं लागलं.

मग कोर्टानं नेमलेला डॉक्टर. त्याचं कौतुक तू ऐकलं असशीलच, कारण त्याचा पट्टेवाला तरीवर सगळ्यांना सांगत होता. मला टेबलावर उभं केलं. दार उघडंच. डॉक्टर चिमट्यानं उचलून बघायचा आणि इंग्रजीत सांगायचा, कारकून लिहायचा, मध्येच थांबून विचारायचा, "साहेब, याला काय म्हणू?" डॉक्टर म्हणाला, "जागा सोड." मुंबईच्या डॉक्टरचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही. तेव्हा त्यानं टाक्यांच्या जागी बोटानं असं दाबलं की डोळ्यांपुढं खिडकीतल्या जांभळाचे दोन झाले. तरी सांगितलं नाही. शेवटी अहवालात लिहिलं, पुरुष म्हणण्याजोगं उरलेलं नाही, स्त्री म्हणण्याजोगं झालेलं नाही, जन्मतः काय होतं ते आता सांगता येत नाही. एवढ्यासाठी मला टेबलावर चढवलं.

तेव्हा आता ऐक. वकीलसाहेब म्हणाले, शपथेचा एक कायदा आहे. एका बाजूनं म्हणायचं की अमुक माणसानं अमुक देवापुढं शपथ घेऊन सांगितलं तर मला मान्य. मग ते सांगणं शेवटचं, त्याच्यापुढं साक्ष नाही, पुरावा नाही. मी म्हटलं आहे, माझ्या आयेनं ग्रामदेवीच्या गाभाऱ्यात, अंगारा कपाळी लावून, उजव्या हातात देवीचे तांदूळ घेऊन सांगावं की तिच्या पोटी मी काय जन्मले. मुलगा म्हणाली तर अर्धी वाडी माझी. मुलगी म्हणाली तर दावा गेला.

वकीलसाहेब खूश आहेत. म्हणतात, म्हातारी देवीला घाबरते, खोटं बोलायची नाही, आपण जिंकलो. तुझी हिंमत असेल तर आयेला आण.

राही


भाट्ये
१४ सप्टेंबर १९३१

आई शपथ घ्यायला तयार आहे. आठ दिवस रोज तयारी करून घेतो आहे.

काशीराम


रत्नागिरी
२ डिसेंबर १९३१

काशीराम,

तू खांबाजवळ उभा होतास. तुला आयेची पाठ दिसत होती. तिचं तोंड मला दिसलं, म्हणून सांगते.

कोर्टाचा कारकून मोठ्यानं वाचत होता. भागोजीनं तिच्या कपाळाला अंगारा लावला. तांदूळ हातात घेतल्याबरोबर तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं. कारकून म्हणाला, "येसूबाई, हा जो समोर उभा आहे तो तुमच्या पोटी काय म्हणून जन्माला आला?" तिनं माझ्याकडे बघितलं. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं. तू मागून खोकलास. तेव्हा ती म्हणाली, "मुलगी झाली. ती माझी मुलगी."

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. कारकून लिहीत होता. देवळाबाहेर तुझी माणसं ओरडली.

वकीलसाहेब मला परत येताना तरीत विचारत होते, तुम्हाला माहीत होतं का, ती असं म्हणेल? मी म्हटलं, नाही. तू विचारलंस तर तुला वेगळं सांगते. मला दोन्हीतलं काहीही चाललं असतं. मुलगा म्हणाली असती तर जमीन मिळाली असती. मुलगी म्हणाली, तर ते वाक्य मिळालं. ते मला तिच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनं ते तिच्या तोंडातून निघालं नसतं. वकीलसाहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला खाडीत ढकललं असतं.

तुझी माणसं पुढे गेल्यावर ती पायरीवर एकटी बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "आये, खरं म्हणालीस ना?" ती मुठीतले तांदूळ झटकत होती, घामानं चिकटले होते, सुटत नव्हते. म्हणाली, "काशीरामानं शिकवलं तसं म्हणाले. तू दूर हो."

मी दूर झाले.

आता निकाल हातात आहे. त्यात सरकारी शिक्क्याखाली लिहिलं आहे की मी रामजीची जन्मतः मुलगी. वकीलसाहेब पहिल्यांदा हसले ते हा कागद वाचून. म्हणाले, मुलीला वाटा नाही, पण बिनलग्नाच्या मुलीला लग्न होईपर्यंत वडिलांच्या घरात अन्न आणि छप्पर आहे, ते भावानं द्यायचं.

माझं लग्न कोण करणार आहे, काशीरामदादा? तुझ्या घरी मी म्हातारी होणार. सोमवारी येते. तरवाल्याला सांगून ठेव.

राही


मुंबई, माझगाव
२१ फेब्रुवारी १९३२

चि.,

पुढं काय लिहावं ते सुचत नाही, तू सुचव.

तू येऊन बसल्यापासून मला गावात तोंड दाखवता येईना, म्हणून इथं मेहुण्याच्या नारळाच्या वखारीत येऊन राहिलो आहे. तरीत बसलो की विचारतात, "काशीराम, बहीण कधी उजवतोस? खोताच्या पिंपळावरचा मुंज्या मोकळा आहे." माझ्या मुलीला आलेलं स्थळ परत गेलं. म्हणाले, आत्याला आधी बघू.

वकिलांशी बोललो. तू एका कागदावर लिहून दे की तू जन्मतः मुलगा आहेस, नाव बाळा, आणि लुगडं नेसणं सोडून गावाबाहेर राहशील. त्याच दिवशी अर्धी वाडी तुझ्या नावानं करतो. वीक, कर, काहीही कर. जे मागायला कोर्टात गेलास तेच देतो आहे. नाही म्हणायला तुझ्याकडे कारण काय?

कारण एकच असेल, आणि ते आता काढून घेतो. तुला वाटतं, देवीनं तुला लेक म्हटलं. भागोजीला विचार. उजवी पाकळी कोरड्या हातानं नुसती टेकवायची हे मी सांगितलं होतं. दोन्ही वेळा. तुला वाटतं, आईनं तुला मुलगी म्हटलं. तुला शिमग्याला आण असं ती कधी म्हणालीच नाही, ते मी लिहिलं. देवळातलं वाक्य आठ दिवस माझ्या पायाशी बसवून घोकून घेतलं. ती रडायची, म्हणायची, देवीपुढं खोटं नको रे. मी म्हटलं, मग अर्धी वाडी त्या हिजड्याला जाऊ दे. तेव्हा परत घोकू लागली. तुला आजवर कुणीही लेक म्हटलेलं नाही, बहीण म्हटलेलं नाही. जे मिळालं ते सगळं मी दिलं, आणि माझ्या कामासाठी दिलं.

चिमा कुणाकडून तरी लिहवून कळवते की आईचा उजवा हात गेला आहे. वैद्य बोलाव. पण आधी सही कर.

काशीराम


भाट्ये
९ मार्च १९३२

काशीरामदादांस, घरातून राहीचे नमस्कार,

उशीर झाला. पत्र लिहायला घेतलं की वहिनी हाक मारते. तिला आता माझ्याकडून काम करून घ्यायची चटक लागली आहे. भात कांडायचं, गोठा काढायचा, पुळणीवर करवंट्या वाळत घालायच्या. म्हणते, "लुगडं नेसायची हौस होती ना? मग ने शेणाची पाटी." जेवण सगळ्यांचं झाल्यावर पडवीत मिळतं, उरलं तर. परवा आमटीत खडा आला म्हणून तिनं चुलीतलं लाकूड फेकलं. मनगट भाजलं. शेजारची मथुरा गडग्यापलीकडून म्हणाली, "रडू नकोस गो, माझी सासू पण असंच करायची." मला रडू आलं नव्हतं, ते तिच्या बोलण्यानं आलं.

भागोजीला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, "पाकळी मी कोरडी टेकवली, पण पडायचं का नाय ते तिच्या हातात होतं." बिलंदर आहे. तुझ्याकडून पैसे घेतले तेव्हा एक बोलला, मला दुसरं सांगितलं. मी त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही. तुझं सगळं खरं आहे. तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि मग गोठा काढला.

सही करणार नाही.

कारण विचारलंस. शपथेनंतर महिन्याभरात आयेचा उजवा हात गेला, ज्यात तांदूळ होते तोच. वैद्य म्हणाला वारा आहे. तिला माहीत आहे कसला वारा. भागोजीकडे गेली, तर तो म्हणाला, तोंडातून गेलेलं आता माघारी येत नाय, ते खरं करून दाखव, मग देवी हात देईल. तेव्हापासून ती ते खरं करते आहे. सकाळी उठल्याबरोबर देवाकडे तोंड करून, मोठ्यानं, देवीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारते, "राही गो, माझ्या लेकी." वहिनीला म्हणते, "नणंद आहे तुझी, नीट बोल." संध्याकाळी मला पुढ्यात बसवून डाव्या हातानं वेणी घालते. केस अजून पुरते वाढले नाहीत, एका हातात सापडत नाहीत, म्हणून ओढते, आणि पुटपुटते, "बघ आई, बघ, लेकीची वेणी घालते." माझ्याकडे बघत नाही. मी उठले की पदराला हात पुसते.

हे माझ्यासाठी नाही हे मला तुझ्याआधी कळलंय. तरी पण दादा, ज्या दिवशी मी सही करीन त्या दिवशी ती देवीपुढं खोटी ठरेल आणि हाकही बंद होईल. अर्धी वाडी घेऊन मी ती हाक कुठून विकत आणू?

वैद्यानं तिच्या हाताला रोज तेल चोळायला सांगितलं आहे. मीच चोळते. लेकीचं काम आहे, वहिनी करत नाही. हात बरा झाला की देवी पावली, मग तिला माझी गरज नाही. म्हणून मी वरवर चोळते. लसूण घालून तापवलेलं तेल वैद्यानं दिलंय, ते मी थंड होऊ देते.

काल तिची करंगळी हलली. तिनं बघितलं नाही. मी पदरानं तिचा हात झाकला.

राही